आशीर्वाद मिळाला, त्याचा हिशेब कोणाला द्यायचा?

प्रश्न : नगरकर (सध्या मुक्काम पुणे)

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

गेल्या महिन्यात आमच्या नव्या घराच्या समर्पणाची प्रार्थना झाली. पाळकांनी, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंनी, स्तोत्र १२७ वाचले, परमेश्वर घर बांधत नसेल तर बांधणाऱ्यांचे श्रम व्यर्थ आहेत हे समजावून सांगितले आणि प्रार्थनेत आम्हा नवरा-बायकोचा उल्लेख निदान सात-आठ वेळा ‘आशीर्वादित कुटुंब’ असा केला. साठ-पासष्ट माणसे जेवून गेली. रात्री साडेदहाच्या सुमारास आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींनी शेवटचे पातेले पालथे घातले, पदराला हात पुसत त्या बाहेर आल्या, बैठकीच्या खोलीवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाल्या, ‘‘तुमच्या देवानं लई दिलं बघा तुम्हाला.’’ त्या बोलण्यात टोमणा नव्हता आणि हेवाही नव्हता. तरीही पाळकांच्या पाऊण तासाच्या संदेशातून जे मला लागले नाही ते या एका वाक्यातून लागले, आणि तेव्हापासून डोक्यात जे चालले आहे ते येथे मांडतो आहे.

मावशी कर्जत तालुक्यातल्या आहेत. माझी पणजीही त्याच भागातली. १८९९-१९०० च्या दुष्काळात तिचे आईबाप गेले आणि गावातल्या कोणीतरी तिला बैलगाडीत बसवून अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, मिशन बोर्डिंगात आणून सोडले, असे आमच्या घरात सांगतात. तेथे तिला मिळालेले अन्न, लुगडे आणि पाटी-पुस्तक यांचा खर्च अमेरिकेतल्या कोणत्या तरी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वर्गणीतून झाला असणार, पण त्या देणाऱ्यांपैकी एकाचेही नाव आम्हाला ठाऊक नाही. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर झाले, वडील बँकेत लागले आणि मी संगणकाच्या क्षेत्रात चार पैसे मिळवतो. एका पणजीला गाडीत जागा मिळाली आणि दुसरीला मिळाली नाही, एवढ्यावरून आज कोण कोणाची भांडी घासतो हे ठरले असेल, तर त्याला केवळ ‘आशीर्वाद’ म्हणून मोकळे होणे मला जड जाते.

लूकच्या बाराव्या अध्यायातले वचन आपल्याला पाठ आहे. ज्याला पुष्कळ दिले त्याच्याजवळून पुष्कळ मागण्यात येईल. पण आमच्या मंडळीत साक्षीच्या वेळी मी जे ऐकतो त्यात फक्त वचनाचा पहिला अर्धा भाग असतो. घर मिळाले, गाडी मिळाली, व्हिसा मिळाला, मुलाला प्रवेश मिळाला, हालेलुया. मागण्यात येईल या अर्ध्याबद्दल कोणी उभा राहून साक्ष देत नाही. मीही दिलेली नाही.

मी नियमाने दशांश देतो. आमच्याकडे आता वेदीच्या बाजूला क्यूआर कोडचा फलक लावलेला असल्याने पगाराच्या दिवशीच रक्कम जाते आणि माझे मन स्वस्थ होते. हे स्वस्थ होणेच मला आता खटकू लागले आहे. दहा टक्के दिल्यावर उरलेल्या नव्वदाचा जाब कोणी विचारणार नाही, असे पवित्र शास्त्र खरोखर सांगते का? दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. गेली तीन वर्षे आमच्या मंडळीच्या वार्षिक सभेत जमाखर्च वाचला गेलेला नाही. मी खजिनदारांना एकट्यात गाठून विचारले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, ‘‘भाऊ, तुम्ही देवाला दिले, आता हिशेब देव घेईल.’’ असे असेल तर देऊन टाकल्यावर माझी जबाबदारी संपते का? आणि माणसाने माणसाला हिशेब मागणे हे विश्वासाच्या कमतरतेचे लक्षण आहे का?

जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

उत्तर : जुना लेखापरीक्षक

नगरकर भाऊ, सलाम. मी पस्तीस वर्षे विश्वस्त संस्थांचे हिशेब तपासले. त्यांत देवळे होती, मशिदी होत्या आणि आपल्या मंडळ्याही होत्या, आणि ‘हिशेब देव घेईल’ हे वाक्य मी तिन्ही ठिकाणी ऐकले आहे. ते बोलणारा माणूस चोर असतोच असे नाही. पुष्कळदा त्याची वहीच लिहिलेली नसते आणि त्याला लाज वाटत असते.

करिंथकरांस दुसरे पत्र काढून आठवा अध्याय शांतपणे वाचा. यरुशलेमेतल्या गरजू विश्वासणाऱ्यांसाठी पौल मंडळ्यांमधून वर्गणी गोळा करत होता. प्रेषिताने स्वतः थैली कमरेला बांधून नेली असती तर त्याला कोण अडवणार होते? पण तो तीताला पाठवतो, त्याच्याबरोबर आणखी दोघे भाऊ पाठवतो, त्यांपैकी एक तर मंडळ्यांनीच निवडून दिलेला आहे हे मुद्दाम नमूद करतो, आणि कारणही लपवत नाही. एवढ्या मोठ्या रकमेच्या बाबतीत आपल्यावर कोणी बोट ठेवू नये, आणि जे योग्य ते केवळ प्रभूच्या दृष्टीने नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही योग्य दिसावे, अशी त्याची धडपड आहे. ज्याच्या शब्दावर मंडळ्या उभ्या राहिल्या त्या माणसाला स्वतःच्या प्रामाणिकपणाला साक्षीदार हवेसे वाटले. आपल्या खजिनदारांची योग्यता पौलापेक्षा अधिक असेल तर प्रश्नच मिटला.

आता कायद्याचे. आपल्या मंडळीची नोंदणी सार्वजनिक विश्वस्त संस्था म्हणून झालेली असेल, तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाप्रमाणे दरवर्षी लेखापरीक्षण करून अहवाल धर्मादाय कार्यालयात दाखल करणे विश्वस्तांना बंधनकारक आहे, आणि संस्थेची जमीन किंवा इमारत विकायची असल्यास कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. मंडळीचे सभासद म्हणून आपण हितसंबंधी व्यक्ती ठरता आणि दाखल झालेल्या हिशेबाची नक्कल अर्ज करून मागू शकता. मात्र तेथे जाण्यापूर्वी कमिटीला लेखी पत्र द्या आणि त्याची पोच घ्या. तोंडी विचारलेल्या प्रश्नाला आपल्याकडे उत्तरही तोंडीच मिळते, आणि तेही दाराआड.

माझ्या अनुभवात मोठ्या अफरातफरी थोड्या आणि ढिलाई फार. रविवारची थैली एकच माणूस घरी नेऊन मोजतो. गरिबांच्या निधीचे म्हणून आलेले पाकीट रंगकामात खर्च होते. कापणीच्या सणाचा लिलाव तर विचारूच नका! टाळ्यांच्या गजरात एक गृहस्थ एका भोपळ्यावर पाच हजारांची बोली लावतात, भोपळा घरी जातो, त्याची भाजी होते, पाळक वेदीवरून त्यांचे आभार मानतात, आणि ते पाच हजार पुढची चार वर्षे वहीत ‘लिलावाचे येणे’ या नावाखाली पडून राहतात. अशा येण्यांची दोन पाने भरलेली वही मी पाहिली आहे. त्यात मंडळीच्या सर्वांत प्रतिष्ठित घरांची नावे होती.

वर्गणी बंद करू नका. रुसून हात आखडता घेणे सोपे असते आणि त्याने काही सुधारत नाही. देत राहा आणि विचारत राहा. येशूने कारभाऱ्याचा जो दाखला सांगितला त्यात धनी म्हणतो की तुझ्या कारभाराचा हिशेब दे, आणि तो हिशेब कारभारी जिवंत असताना, कामावर असताना, लेखी कागदांसह मागितला जातो. आपल्या खेड्यांतल्या बायका नवऱ्याला ‘अहो कारभारी’ अशी हाक मारतात तेव्हा त्यात कौतुक असते हे खरे, पण कारभारी म्हणजे धनी नव्हे, हेही तोच शब्द सांगतो.

उत्तर : निवृत्त शिक्षिका

लेखापरीक्षकांनी पैशाचे सांगितले ते योग्यच आहे, पण मूळ प्रश्न पणजीच्या गाडीतल्या जागेचा आहे, आणि तो मला अधिक मोलाचा वाटतो.

पंडिता रमाबाईंचे नाव आपल्या मंडळ्यांत श्रद्धेने घेतले जाते आणि त्यांच्या आयुष्यातला हिशेबाचा भाग मात्र हटकून वगळला जातो. १८५८ साली जन्मलेल्या या मुलीला आई-वडिलांनी संस्कृत शिकवले. त्या काळात लाखांत एखाद्या मुलीच्या वाट्याला येईल असे हे धन होते. त्याच आई-वडिलांना तिने ऐन तारुण्यात दुष्काळात उपासमारीने मरताना पाहिले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले. एवढ्यावर तिला आयुष्यभर मानाने व्याख्याने देत फिरता आले असते. पण विधवा आणि निराधार मुलींकडे पाहताना रमाबाईंना आपली विद्या ही आपल्याकडे ठेवलेली ठेव वाटली असली पाहिजे, अन्यथा पुढच्या घडामोडींचा अर्थ लागत नाही.

१८८७ मध्ये बॉस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी एक मंडळ स्थापन झाले आणि त्याने दहा वर्षे मदतीचे वचन दिले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. सल्लागारांत न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर होते. सदनात कोणावर ख्रिस्ती धर्म लादला जाणार नाही, असे ठरलेले होते. पुढे काही मुली रमाबाईंच्या खोलीत प्रार्थनेला बसू लागल्या, पुण्यात गदारोळ झाला आणि १८९३ मध्ये हे सल्लागार बाहेर पडले. आपल्याकडे ही गोष्ट सांगताना त्यांना खलनायक करण्याची प्रथा आहे. मला ती मान्य नाही. ज्या पालकांनी विश्वासाने मुली पाठवल्या होत्या त्यांच्या वतीने जाब विचारण्याचा त्यांना अधिकार होता, आणि रमाबाईंनीही तो अधिकार नाकारला नाही. मी माझ्या खोलीत, दार उघडे ठेवून प्रार्थना करते, कोणाला बोलावत नाही आणि कोणाला हाकलतही नाही, या अर्थाचे त्यांचे उत्तर होते. त्या उत्तराने सगळ्यांचे समाधान झाले नाही. पण हिशेब मागणारे आपल्या धर्माचे नाहीत, म्हणून त्यांना उत्तर देणार नाही, असे त्या कधी म्हणाल्या नाहीत. आज आपल्या संस्थांवर बाहेरच्या कोणी प्रश्न विचारला की आपण लगेच ‘छळ’ हा शब्द काढतो. कधी तो खराही असतो, पण प्रत्येक वेळी नसतो.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून रमाबाईंनी शेकडो मुली आणल्या, आणि त्या मुली बॉस्टनच्या मंडळाने दिलेल्या वचनात बसत नव्हत्या. केडगावला फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर तंबू आणि छपऱ्या उभ्या राहिल्या. दहा वर्षांची मुदत संपताच १८९८ मध्ये त्या स्वतः अमेरिकेला गेल्या, देणाऱ्यांपुढे उभ्या राहिल्या आणि काय झाले, काय झाले नाही ते सांगितले. त्यानंतर त्या मंडळाची पुनर्रचना झाली. १९०० च्या सुमारास केडगावच्या या आश्रमात, म्हणजे मुक्तीमध्ये, दीड हजारांच्या आसपास माणसे होती. तुमच्या पणजीच्या वयाच्या किती तरी मुली त्यांत असतील.

अमेरिकेतल्या त्या अनोळखी देणाऱ्यांचे उतराई होणे आता तुमच्या हातात नाही. मग जाब कोणाला द्यायचा? माझ्या मते तो त्या रात्री पदराला हात पुसत तुमच्यासमोर उभा होता. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात शेताच्या कडेकोपऱ्यापर्यंत कापणी करू नका, सरवा वेचू नका, तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या, असे सांगितले आहे. तेथे मालकाने उदार होऊन पायली-दोन पायली मोजून द्यावी असे म्हटलेले नाही. शेताचा तो भाग त्याचा नाहीच, असे गृहीत धरले आहे. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्या असे आहे, आणि याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते. म्हणून तुमच्या नव्वद टक्क्यांबद्दल मी तुम्हाला दोनच गोष्टी विचारते. राग मानू नका, वर्गात विचारायची सवय गेलेली नाही. मावशींचा पगार शेवटचा कधी वाढवला होता? आणि त्यांना रविवारची सुट्टी आहे का?

नगरकर

बाई, राग मानण्याचा प्रश्न नाही, पण उत्तर लिहायला मला दोन दिवस लागले, यावरून काय ते समजा.

मावशी सहा वर्षांपासून आहेत. पगार दोनदा वाढवला. त्यांपैकी एक वाढ शेजारच्या इमारतीत त्यांना जास्त पैशांचे काम मिळत होते म्हणून दिली होती, तेव्हा ती माझ्या खात्यावर धरता येणार नाही. रविवारची सुट्टी नाही. रविवारी सकाळी आम्ही उपासनेला जाताना किल्ली त्यांच्याकडे देतो आणि आम्ही गाणी म्हणत असतो तेव्हा त्या आमच्या घरी भांडी घासत असतात. चौथ्या आज्ञेत दास आणि दासी यांनाही विसावा मिळावा असे आहे, हे मला लहानपणी शब्बाथ शाळेत पाठ होते. त्यात बक्षीसही मिळाले होते.

उत्तर : वाडीवाला, वसई

मी कॅथलिक आहे, तेव्हा दशांशाचा हिशेब आमच्याकडे तुमच्याइतका काटेकोर नसतो हे आधीच कबूल करतो. पण चर्चेत पैसा आणि पगार यांच्यापलीकडचे एक धन आलेले नाही. ते म्हणजे जमीन.

आमच्या घराची केळीची आणि पानवेलीची वाडी होती. वाडीच्या टोकाला बावखल होते. ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो की बावखल म्हणजे पावसाचे पाणी साठवणारे गोड्या पाण्याचे तळे. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही आमच्या विहिरी गोड राहिल्या त्या अशा बावखलांमुळे. आमच्या पिढीत जमिनीला भाव आला. वडिलांनी आणि काकांनी अर्धी वाडी विकली, घेणाऱ्याने पहिल्याच महिन्यात राडारोडा टाकून बावखल बुजवले आणि आलेल्या पैशातून आमच्या घराण्यात चार बंगले आणि दोन परदेशी पदव्या झाल्या. त्या वर्षीच्या सणाला आम्ही आभाराची मिसाही अर्पण केली. विहिरीचे पाणी पुढे मचूळ झाले ते केवळ आमचे झाले नाही. ज्यांनी एक गुंठाही विकला नव्हता अशा शेजाऱ्यांचेही झाले.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्याबरोबरचे लोक ‘हरित वसई’ची चळवळ करत होते तेव्हा आमच्या घरात त्यांच्याबद्दल फार चांगले बोलले जात नसे. धर्मगुरूने मिसा करावी, सातबाऱ्यात कशाला पडावे, असे काका म्हणत. पण सातबाऱ्यात पडणे हे आमच्या चर्चच्या शिकवणीत पूर्वीपासून आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ च्या परिपत्रकात खासगी मालमत्तेवर समाजाचे गहाण असते, असे स्पष्ट शब्दांत म्हटले आहे. हे आपल्या लोकांना समजावायला फार सोपे आहे, कारण सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीच्या किंवा बँकेच्या कर्जाचा बोजा चढवलेला असतो. नाव मालकाचे असते, पण बोजा उतरवल्याशिवाय जमीन मोकळी होत नाही. आमच्या वाडीवर तळ्याच्या पाण्याचा, शेजाऱ्यांच्या विहिरींचा आणि अजून जन्माला न आलेल्या नातवंडांचा बोजा होता. तलाठ्याने तो लिहिलेला नव्हता म्हणून आम्ही नाही असे धरून चाललो.

उरलेली अर्धी वाडी मी राखली आहे. त्यात माझे मोठेपण फारसे नाही. भावाभावांतला वाद कोर्टात असल्याने ती विकताच येत नाही.

उत्तर : रात्रपाळी

मी परिचारिका आहे. मिशनच्या रुग्णालयात शिकले आणि आता आखातात नोकरी करते. वरची सगळी उत्तरे आवडली, तरी एक तक्रार आहे. सर्वांनी ‘आशीर्वादित’ म्हणजे ‘ज्याच्याकडे आहे तो’ असे धरले आहे. लूकच्या सहाव्या अध्यायात येशू दरिद्री लोकांना धन्य म्हणतो. मावशी नगरकरांना ‘तुमच्या देवानं दिलं’ असे म्हणाल्या तेव्हा त्या देवाच्या हिशेबात स्वतःला कोठे धरत होत्या, हे कोणी त्यांना विचारले का? आपण त्यांच्यावर लेख लिहितो, त्या मात्र आपल्या लेखात नुसत्या भांडी घासत राहतात.

दुसरे असे की हिशेबाची भीती माणसाला लुळे करते. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात एक तालान्त मिळालेल्या दासाने तो पुरून ठेवला, कारण धनी कठोर आहे असे त्याला वाटले. लहानपणी मला त्याची दया येई, बिचाऱ्याला एकच मिळाला म्हणून. पुढे कळले की एक तालान्त म्हणजे सहा हजार दिनार, मजुराची जवळजवळ वीस वर्षांची मजुरी. म्हणजे तोही गरीब नव्हता. त्याने चोरी केली नाही, उधळपट्टी केली नाही, हिशेबही चोख दिला आणि तरी तो दोषी ठरला. लेखापरीक्षक दादांना विचारावेसे वाटते की अशा खात्यावर ते काय शेरा मारतील?

माझ्याकडे जमीन नाही आणि घर भाड्याचे आहे. माझ्याकडे आहे ती विद्या, आणि ती मला अत्यल्प शुल्कात मिळाली. शिक्षणानंतरची बंधनाची वर्षे मी पुरी केली आणि पगारासाठी देश सोडला, तेव्हा कागदोपत्री माझ्याकडे काही येणे नाही. पण नगर जिल्ह्यातल्याच जामखेडचे उदाहरण माझ्या मनातून जात नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे दोघेही वेल्लोरला शिकले, अमेरिकेत पुढचे शिक्षण घेतले आणि १९७० मध्ये जामखेडला आले. त्यांना १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला हे सर्वांना माहीत असते. मला थक्क करते ती त्यांची पद्धत. गावातल्या बायकांना, ज्यांतल्या किती तरी निरक्षर आणि दलित होत्या, त्यांनी बाळंतपण, जुलाब, कुपोषण यांबद्दलचे ज्ञान देऊन टाकले, आणि जे डॉक्टरच्या खुर्चीला मान मिळवून देते तेच दुसऱ्याच्या हाती दिले. सुट्टीत गावी आले की मी शेजारणीचा रक्तदाब मोजते, औषधाचे नाव सांगते आणि ‘देव तुझे भले करो’ ऐकून खूश होते. तो रक्तदाब कसा मोजायचा हे मी त्यांच्यापैकी एकीलाही अजून शिकवलेले नाही.

जुना लेखापरीक्षक

ताई, विचारलेत म्हणून सांगतो. रक्कम जशीच्या तशी परत आली असेल तर आमच्या नियमांप्रमाणे तो अहवाल स्वच्छ जातो. संस्थेचे काम झाले की नाही हे आम्ही तपासत नाही, फक्त पैसे तपासतो. पस्तीस वर्षांत मी अनेक स्वच्छ अहवालांवर सही केली, ज्यांत गरिबांच्या निधीची शिल्लक दरवर्षी व्याजासह वाढत होती आणि खर्चाच्या बाजूला शून्य होते. एकदा मी तोंडी म्हणालो, की गावात गरीब उरले नाहीत काय? चहा आला आणि विषय बदलला. मी पुन्हा विचारले नाही.

नगरकर

उत्तर देणाऱ्या सर्वांचे आभार. काय झाले तेवढे कळवतो.

‘रात्रपाळी’ ताईंनी म्हटल्याप्रमाणे मी मावशींना विचारले. काय विचारावे हेच नीट सुचेना, म्हणून त्या रात्री तुम्ही असे का म्हणालात, एवढेच विचारले. त्या म्हणाल्या, की घर मोठे झाले म्हणजे फरशी वाढली, आणि फरशी वाढली तरी पगार तोच राहणार का, हे विचारायचे होते, पण पाहुण्यांत बरे दिसले नसते म्हणून देवाचे नाव घेतले. मी दोन आठवडे ज्या वाक्यावर चिंतन केले ते असे निघाले. बायको बराच वेळ हसत होती.

पगार आम्ही फरशीच्या हिशेबाने वाढवला आहे आणि तीन वर्षे न वाढवलेला फरक पुढच्या सहा महिन्यांत विभागून देण्याचे ठरवले आहे. रविवारची सुट्टी मावशींनी नाकारली, कारण रविवारी त्यांना आणखी दोन घरे असतात आणि आमची सुट्टी घेऊनही त्यांचा रविवार मोकळा होत नाही. त्यांना गुरुवार हवा होता. गुरुवार दिला.

कमिटीला मी लेखी पत्र दिले. पोच द्यायला सचिव तयार नव्हते, म्हणून दुसऱ्या दिवशी तेच पत्र पोचपावतीसह टपालाने पाठवले. रविवारी उपासनेनंतर तीन जण माझ्याशी नेहमीपेक्षा कमी बोलले, आणि एक वयस्कर बाई, ज्यांच्याशी माझी फारशी ओळखही नाही, त्यांनी हात धरून विचारले की त्यांच्या यजमानांच्या नावाने दिलेल्या शिष्यवृत्तीच्या ठेवीचे काय झाले, तेही त्याच पत्रात घालता येईल का. त्यासाठी त्यांचे वेगळे पत्र लागेल की माझ्याच पत्राला पुरवणी जोडता येईल? आणि मूळ देणगीची पावती हरवली असेल, तर बँकेच्या जुन्या पासबुकातली नोंद पुरेशी धरली जाते का? लेखापरीक्षक दादांनी सवडीने सांगावे.

जुना लेखापरीक्षक

त्यांचे वेगळे पत्र घ्या, सही त्यांचीच हवी. पासबुकाच्या त्या पानाची छायाप्रत जोडा, आणि मूळ पासबुक कोणी कितीही प्रेमाने मागितले तरी हातचे सोडू नका.